स्टूल धरणारीचं पत्र

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दसरा झाला की आपल्या पुरवणीत दोन चौकटी ठरलेल्या असतात. फटाके उडवताना सुती कपडे घाला, पाण्याची बादली जवळ ठेवा, ही एक. खव्यातली भेसळ कशी ओळखावी, ही दुसरी. दोन्ही मी कापून फ्रिजला चिकटवते, तक्रार काही नाही. पण गेल्या दिवाळीत आमच्या घरात जे झालं ते ना फटाक्यानं झालं, ना खव्यानं. ते झालं टीपॉयवर ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या स्टुलानं. त्याची चौकट मी तरी आजवर वाचलेली नाही, म्हणून हे पत्र. लांबलंय, हे मला कळतंय. कात्री लावायची तर लावा, फक्त मावशींबद्दल लिहिलंय तेवढं राहू द्या.

माझे यजमान वीज खात्यात लाइनमन होते. १९८६ला हेल्पर म्हणून लागले, नोकरीत असतानाच मंडळाची कंपनी झाली, २०२१ला निवृत्त झाले. म्हणजे पस्तीस वर्षं पोलावर गेली. २००५चा पूर बघितला, २०१९चा बघितला. २०१९ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा हे होडीतून लाइन बघायला जायचे. मी घरी देव पाण्यात घालायचे म्हणते तर अख्खी सांगलीच पाण्यात! एवढ्या वर्षांत हात-पाय मोडला नाही. पडले ते घरच्या गॅलरीत, तीन फुटांवरून, आकाशकंदील लावताना.

वसुबारसेची संध्याकाळ होती. मी घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. त्या दिवशी बारा किलो चकली द्यायची होती. वसुबारसेला मी तळलेलं, दूध-दुभत्याचं, गव्हाचं काही खात नाही; पण गिऱ्हाइकाला कसली वसुबारस? सकाळपासून उपाशीपोटी सोऱ्या दाबत होते. सहा वाजले, उजेड कमी व्हायला लागला आणि यांना कंदील आठवला. तोवर दिवसभर पेपर वाचत बसले होते. (तुमचाच.)

"अगं, जरा स्टूल धर."

हे वाक्य ज्या घरात बोललं गेलं नाही असं महाराष्ट्रात एखादं घर असेल असं मला वाटत नाही. लग्न झाल्यापासून मी ते दर दिवाळीला, दर गणपतीत आणि ट्यूब गेली की अधूनमधून ऐकत आलेय. गंमत बघा, "शिडी आण" असं कुणी म्हणत नाही, कारण शिडी नसतेच. आमच्या सोसायटीत अठरा फ्लॅट आहेत. ओव्हन सगळ्यांकडे आहे, ट्रेडमिल तिघांकडे आहे, त्यावर कपडे वाळतात. शिडी एकाकडेही नव्हती.

गॅलरीतला हूक साडेनऊ फुटांवर आहे. नुसत्या स्टुलावरून यांचा हात पोचत नव्हता, म्हणून खाली टीपॉय आला. दीड फुटाचा टीपॉय, त्यावर दीड फुटाचं स्टूल. मी म्हटलंही, "अहो, हे काय करताय?" तर म्हणाले, "मी अकरा केव्हीच्या पोलावर चढलोय, हे काय सांगतेस?" मी धरलं. स्टुलाचे दोन पाय दोन हातांनी. वर बघायचं तर डोळ्यांत भिंतीचा चुना पडत होता. आणि तेवढ्यात आतून वास आला. एक घाणा कढईत होता.

मी म्हटलं, "आले हं, हलू नका." गॅलरीपासून ओट्यापर्यंत माझी नऊ पावलं आहेत. पाचव्या पावलाला मागे आवाज झाला. मागाहून यांनीच मला सांगितलं की तीन फुटांवरून माणूस खाली यायला अर्धा सेकंदही लागत नाही, आणि तेवढ्यात ताशी पंधरा किलोमीटरचा वेग येतो. म्हणजे मी जागेवर उभी असते आणि स्टूल सोडून नुसती दुसरीकडे बघत असते, तरी मला काही करता आलं नसतं. हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं, की मला अजून वाईट वाटावं म्हणून, ते अजून ठरलेलं नाही.

टाचेचं हाड मोडलं, आणि पडताना टेकलेल्या डाव्या हाताचं मनगट. डॉक्टर म्हणाले, उंचावरून पडलेल्या माणसाची हीच दोन हाडं आधी मोडतात, कारण पडणारा एक तर पायावर येतो नाही तर हात पुढे करतो. टाचेत पट्टी आणि स्क्रू बसवले. तीन महिने तो पाय जमिनीला लावायचा नव्हता. ऑपरेशन नरकचतुर्दशीला झालं. बारा किलोपैकी सात किलो चकली गेली, पाच किलोचे पैसे परत केले.

पण मला खरं जे सांगायचंय ते पुढचं आहे. हे आत पडले. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. गॅलरीचा कठडा सव्वातीन फुटांचा, मी नंतर टेपनं मोजला. जमिनीवर उभं असताना तो कमरेच्या वर येतो, भक्कम वाटतो. दीड फुटाच्या स्टुलावर चढलं की त्याच कठड्याचा उरतो पावणेदोन फूट, म्हणजे गुडघ्याशी. हे उभे होते तीन फुटांवर. तिथून कठडा त्यांच्या घोट्याला लागत होता. कठडा म्हणून तो उरलाच नव्हता, अडखळायला उंबरठा तेवढा होता. आपण सगळे दरवर्षी गॅलरीतच चढतो, कारण कंदील गॅलरीतच असतो. कुणाच्याही मनात हा हिशोब येत नाही. माझ्याही मोजेपर्यंत आला नव्हता.

पडल्यावर आम्ही काय केलं तेही लिहिते, लाज वाटते तरी. समोरचे दोघे धावत आले, काखेत हात घालून यांना उचललं आणि खुर्चीत बसवलं. कुणी पाणी दिलं. वरच्या काकू हळद-तेल गरम करून घेऊन आल्या, "मुरगळलं असेल, चोळून काढते" म्हणाल्या. प्रेमानंच सगळं. पण पाठीचा मणका दुखावलेला असता तर त्या उचलण्यानं आयुष्यभराचं नुकसान झालं असतं, असं डॉक्टरांनी आम्हाला सगळ्यांना उभं करून सुनावलं. पडलेल्या माणसाला पडलेलाच राहू द्यायचा, मान हलवू द्यायची नाही, १०८ला फोन करायचा. आणि त्याला रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल आणि डोकं आपटलं असेल, तर वरून काही दिसत नसलं, माणूस चांगला बोलत असला तरी दवाखाना गाठायचाच.

मग तीन महिने हे पाय उशीवर ठेवून पलंगावर आणि मी समोर. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न गेलं. मला एकच प्रश्न होता: पस्तीस वर्षं पडला नाहीत, मग घरी कसे पडलात? आधी चिडायचे. मग एक दिवस म्हणाले, "तिकडं खाली हेल्पर असायचा."

त्या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला. कामावर शिडीखाली हेल्पर उभा असायचा आणि त्याला शिडी सोडून दुसरं काही काम नसायचं. त्यानं बिडी काढली तरी हे वरून ओरडायचे. शिडी धरणं ही ड्युटी होती. माझ्याकडे मात्र शिडी धरणं हे चकली तळता तळता करायचं काम होतं. "जरा" धर. त्या "जरा"मध्येच सगळं आलं. हेल्परला पगार होता, मला कढईवर घाणा होता. यात माझी चूक नाही असं मी म्हणत नाही. पण धरणाऱ्यालाही एक हक्क हवा, "आत्ता नाही, तासाभरानं" असं म्हणायचा. आणि वर चढलेल्याला खाली उतरवल्याशिवाय धरणाऱ्यानं हलायचं नाही. जळू दे घाणा.

पलंगावर पडल्या पडल्या यांनी मला शिडीचं सगळं शिक्षण दिलं. मी वहीत उतरवून घेतलं, फराळाच्या हिशोबाच्याच वहीत, मागच्या पानांवर. शिडीलाही शास्त्र असतं हे मला ठाऊक नव्हतं. भारतीय मानक ब्युरोची शिड्यांसाठी वेगळी संहिता आहे, आयएस ३६९६चा दुसरा भाग, १९९१ सालचा. घरात वापरायला त्यातलं थोडंच लागतं.

घडीची शिडी असेल तर ती पूर्ण उघडायची, मधल्या पट्ट्या खटकन बसल्या का ते हातानं दाबून बघायचं. पुष्कळ लोक ती मिटलेलीच भिंतीला टेकवून चढतात, मग खालून सटकते. सगळ्यात वरच्या दोन पायऱ्या उभं राहायला नसतात. त्या गुडघे टेकवायला आणि धरायला. "वरच्या पायरीवर चढल्याशिवाय पोचत नाही" याचा अर्थ शिडी लहान आहे, एवढाच. भिंतीला टेकवायची सरळ शिडी असेल, बंगलेवाले किंवा गावाकडचे लोक वापरतात तशी, तर चाराला एक हा हिशोब: चार फूट उंचीला पाया एक फूट बाहेर. बारा फुटांवर टेकली तर तीन फूट. हे मोजायला टेप लागत नाही. शिडीच्या पायाला आपल्या चपला लावून ताठ उभं राहायचं आणि हात समोर सरळ करायचे. पंजे समोरच्या पायरीला आरामात पोचले तर कोन बरोबर. गच्चीवर चढायचं असेल तर शिडी कडेच्या वर तीन फूट निघालेली पाहिजे, नाहीतर उतरताना धरायला काही नसतं आणि माणसं चढण्यापेक्षा उतरतानाच जास्त गडबडतात.

यांचा आवडता शब्द "तीन टेकू". दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, तीन टेकू सतत शिडीवर पाहिजेत. मग सामान कसं न्यायचं? हातात न्यायचंच नाही. पोलावर चढताना हातात पाना-पक्कडसुद्धा नसते, पट्ट्याला असते. मोठं सामान वरून दोरी सोडून ओढून घेतात. आणि आपण? एका हातात कंदील, तोंडात दोरा, दुसऱ्या हातात वायर, कानाला खोचलेला टेस्टर. हे वर्णन मी मनानं केलेलं नाही.

शिवाय बाजूला झुकायचं नाही. पोट शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या मध्येच राहिलं पाहिजे. माळेचं शेवटचं टोक वीतभर लांब राहिलं की प्रत्येक जण वाकतो. खाली उतरून शिडी सरकवायला लागतो एक मिनिट, पण नाही.

विजेचं तर त्यांनी मला दोनदा लिहायला लावलं. बटण बंद केलं की दिवा विझतो, म्हणून वायर मेली असं समजायचं नाही. वायरिंग करणाऱ्यानं बटण फेजऐवजी न्यूट्रलवर टाकलेलं असलं, आणि जुन्या घरांत ते पुष्कळदा असतं, तर बटण बंद असतानाही होल्डरमध्ये करंट खेळतो. एमसीबी खाली पाडायचा, मग टेस्टर लावायचा, मगच हात. शॉक अगदी बारका असला तरी माणूस दचकतो, आणि शिडीवर दचकणं पुरेसं असतं. अ‍ॅल्युमिनियमची शिडी बाहेर न्यायची तर आडवी न्यायची, उभी धरून चालायचं नाही. नियमानं आपल्या गल्लीतली साधी तारही घरापासून निदान १.२ मीटर लांब असायला हवी. पण जुन्या गल्ल्यांत लोकांनी गॅलऱ्या पुढे काढल्या आणि तारा होत्या तिथेच राहिल्या. पाडव्याला गुढीची काठी बांधतानाही त्यांची नजर आधी वर जाते, हे मला आता उमगतं. मी त्याला खोड समजत होते.

आता मावशींचं. दिवाळीत पुरुष एकदाच चढतो, कंदिलाला. त्याआधी पंधरा दिवस बायका चढत असतात. जळमटं, पंखे, माळा, माळ्यावरची पितळी भांडी. मी स्वतः ओल्या ओट्यावर चढून माळ्यावरचा डबा काढलेला आहे, साडीचा घोळ खोचून, ग्रॅनाइटवर अनवाणी, आणि खाली शेगडी चालू. पण माझं घर, माझी हौस. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पंचावन्नच्या पुढच्या आहेत. सहा घरांची कामं करतात आणि दिवाळीआधी प्रत्येक घरचे पंखे त्याच पुसतात. डायनिंग टेबलवर खुर्ची ठेवून. त्यांचं स्टूल कोण धरतं? आपण त्या वेळी फोनवर असतो. यांचा पाय मोडला तर पेन्शन चालू होती, मुलगा पुण्याहून आला, विमा थोडाफार कामाला आला. त्यांचा मोडला तर सहा घरं दुसरी बाई बघतील, त्याही आठवड्याभरात. यांचं प्लॅस्टर निघालं त्या दिवशी मी मावशींना म्हटलं, इथून पुढे आमच्याकडे तुम्ही चढायचं नाही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग बाकी पाच घरी सांगा की, वहिनी." तर मी हे सांगतेय.

दहीहंडीच्या थरांवरून कोर्टात खटले झाले, किती उंच, किती वयाची मुलं, सगळ्यावर खल झाला, गोविंदांना विमाही मिळतो. मिळावाच. टेबलावरच्या खुर्चीला मात्र कुणी थर म्हणत नाही.

फेब्रुवारीत सोसायटीची मीटिंग झाली. मी विषय मांडला: सोसायटीनं दोन शिड्या घ्याव्यात, एक सहा पायऱ्यांची घरातल्या कामाला, एक मोठी फायबरची बाहेरच्या आणि विजेच्या कामाला. फायबरची महाग पडते, पण तिच्यातून करंट येत नाही. लहान शिडीला दुकानदारानं साडेतीन हजार सांगितले होते. माझ्या टाचेच्या बिलात (म्हणजे यांच्या) तशा तीस-चाळीस शिड्या आल्या असत्या. चर्चा तासभर चालली. सेक्रेटरी म्हणाले, ठेवायची कुठे? एक जण म्हणाले, रात्री चोर वापरतील. दुसरे म्हणाले, कुणी शिडीवरून पडला तर सोसायटीवर येईल. मी म्हटलं, स्टुलावरून पडला तर कुणावर येतं? त्यावर कुणी काही बोललं नाही. ज्यांच्याकडे चाकांच्या खुर्चीवर उभं राहून पडदे लावतात (मी खिडकीतून बघितलंय) त्यांनीच शेवटी अनुमोदन दिलं. लहान शिडी घेतली. मोठी पुढच्या वर्षी. जिन्याखाली साखळीनं बांधली आहे, किल्ली वॉचमनकडे असते. पायांचे रबरी बूट यांनी स्वतः तपासले, आणि पुठ्ठ्यावर लिहून टांगलं: "धरणारा सोबत आणल्याशिवाय शिडी मिळणार नाही." लोक हसतात, पण दोघं येतात.

एवढं सगळं केलं, तरी आमच्या गॅलरीत आता चढायचंच नाही असं ठरलंय. ती कल्पना यांचीच. पूर्वी कार्तिकात आकाशदिवा उंच वाशावर दोरीनं चढवत. तेल घालायला दोरी सोडून दिवा खाली घ्यायचा, माणूस वर जायचा नाही. ते लहानपणी आजोळी बघितलेलं यांना पलंगावर आठवलं. मार्चमध्ये एका वायरमनला बोलावलं, तो आपली शिडी आणि आपला हेल्पर घेऊन आला. त्यानं हुकाला एक लहान कप्पी अडकवली, कठड्यापासून दोन हात आत, आणि त्यातून नायलॉनची दोरी खाली सोडली. भिंतीला कमरेच्या उंचीवर दोरी गुंडाळायला खुंटी बसवली. वायर लांब घेतली, म्हणजे बल्ब गेला तरी कंदील खाली उतरवून बदलता येतो. सगळा खर्च चार किलो चकलीच्या भावात झाला.

दसऱ्याला रंगीत तालीम घेतली. मी दोरी ओढली, कंदील झोके घेत वर गेला. हे खुर्चीत बसून, काठी मांडीवर आडवी धरून, "सावकाश, सावकाश, ढील दे, आता बांध" असं ओरडत होते, जणू मीच त्यांचा हेल्पर. वसुबारसेला यंदा नऊ किलोचीच ऑर्डर घेतली आहे. पाच ते सहा गॅस बंद.

आपली,
एक वाचक,
विश्रामबाग, सांगली